‘बरोबरीचं’ ठरलं म्हणजे गुणकारी ठरलं का? गुडघेदुखीवरच्या एका संशोधनाबद्दल

आज एका पेपरवर टीका करायची आहे. टीका म्हटलं की तो पेपर टाकाऊ असणार असं आपण धरून चालतो. पण टाकाऊ पेपरवर मी तुमची पंधरा-वीस मिनिटं घालवणार नाही. हा पेपर मेहनतीने केलेला आहे, आपल्या पुण्याशी त्याचं घट्ट नातं आहे, आणि ‘आयुर्वेदाचं औषध गोळ्यांइतकंच चालतं, सिद्ध झालंय’ असं कुणी छातीठोकपणे म्हणालं तर त्याला हातात धरता येतील अशा मोजक्या कागदांपैकी तो एक आहे. म्हणूनच तो नीट वाचायला हवा.

२०१३ साली ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’ या ब्रिटिश नियतकालिकात तो छापून आला. पहिलं नाव डॉ. अरविंद चोप्रांचं, म्हणजे पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचं. सहलेखकांत भूषण पटवर्धन आहेत. संशोधन झालं सीएसआयआरच्या ‘न्यू मिलेनियम’ नावाच्या राष्ट्रीय योजनेखाली. शीर्षकाचा सरळ मराठी अर्थ असा: लक्षणं असलेल्या गुडघ्याच्या संधिवातात आयुर्वेदिक औषध हे ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिबला चांगला पर्याय आहे. म्हणजे निकाल शीर्षकातच देऊन टाकला आहे. मला पहिला खडा तिथेच लागला, पण त्याकडे नंतर येऊ.

चोप्रांचं नाव या विषयात का येतं हेही थोडक्यात सांगते. भिगवण म्हटलं की आपल्याला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी आठवतात. सांधेदुखीवर काम करणाऱ्यांना मात्र १९९६ साली तिथे घरोघर जाऊन केलेली पाहणी आठवते. गावातल्या ४०९२ प्रौढांना विचारलं, तपासलं, आणि १८ टक्क्यांच्या वर लोकांना हाडं, सांधे, स्नायू यांचं काही ना काही दुखणं निघालं. ती पाहणी याच मंडळींची. तेव्हा हे लोक रुग्ण लांबून बघणारे नाहीत, हे आधी मान्य करूया.

आता प्रयोग. गुडघा झिजून दुखणारे ४४० रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट केले. दोन गटांना दोन वेगवेगळी आयुर्वेदिक मिश्रणं मिळाली. त्यांतल्या वनस्पती आपल्या घरातल्याच: गुळवेल, सुंठ, आवळा आणि सालई गुग्गुळ, म्हणजे शल्लकी. तिसऱ्या गटाला ग्लुकोसामाइन, रोज २ ग्रॅम. चौथ्याला सेलेकॉक्सिब, रोज २०० मिलिग्रॅम. सेलेकॉक्सिब ही डॉक्टर सर्रास देतात ती वेदनाशामक गोळी. २४ आठवडे हे चाललं, आणि कोण काय घेतंय हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. आयुर्वेदिक औषधाला वास असतो, रंग असतो, चव तर असतेच. त्यामुळे ‘कोण काय घेतंय ते कळू नये’ हे लिहायला सोपं आणि करायला महाकठीण काम आहे. ज्यांनी कधी सुंठीचं चाटण घेतलंय त्यांना हे सांगायला नको.

निकाल असा लागला की वेदना आणि हालचालीतली अडचण चारही गटांत साधारण सारखीच कमी झाली. आधी ठरवलेल्या मर्यादेत आयुर्वेदिक मिश्रणं ही बाकी दोन औषधांच्या ‘बरोबरीची’ ठरली.

इथे वाचक टाळ्या वाजवतो आणि पान उलटतो. आपण जरा थांबूया.

‘बरोबरीचं’ हे सिद्ध करायचं असेल तर आधी किती फरक चालवून घेणार ते सांगावं लागतं. समजा पुण्याहून साताऱ्याला दोन एसटी सुटल्या. एक पाच मिनिटं उशिरा पोचली तर आपण म्हणतो दोन्ही बरोबरच पोचल्या. पण मी जर म्हटलं की तीन तासांपर्यंतचा फरक मी धरणारच नाही, तर एखादा चांगला सायकलवालासुद्धा एसटीच्या बरोबरीचा ठरेल. सगळा खेळ त्या चालवून घेतलेल्या फरकाचा आहे.

या पेपरात तो फरक प्रामाणिकपणे आधीच लिहून ठेवला होता. वेदना मोजायला १० सेंटिमीटरची रेघ होती. एका टोकाला अजिबात दुखत नाही, दुसऱ्या टोकाला असह्य दुखतं. उभं राहताना, चालताना किती दुखतं ते रुग्णाने त्या रेघेवर दाखवायचं. चालवून घ्यायचा फरक होता अधिक-उणे दीड सेंटिमीटर. वेदना आणि अडचणीच्या दुसऱ्या दोन मोजमापांवरही अशाच मर्यादा होत्या, अडीच आणि साडेआठ गुणांच्या.

दीड सेंटिमीटर. दहातला दीड. ऐकायला फार नाही वाटत. मग प्रश्न असा विचारायचा की सेलेकॉक्सिबच्या जातीची औषधं साध्या साखरेच्या गोळीपेक्षा, म्हणजे प्लासिबोपेक्षा, मुळात किती सरस आहेत? याचं उत्तर २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलं होतं. गुडघ्याच्या संधिवातातल्या वेदनाशामकांच्या अनेक चाचण्या एकत्र केल्या, तर औषध आणि प्लासिबो यांच्यातला सरासरी फरक निघाला १०० मिलिमीटरच्या रेघेवर १०.१ मिलिमीटर. म्हणजे एक सेंटिमीटर.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. औषध आणि साखरेची गोळी यांच्यातलं अंतर सरासरी एक सेंटिमीटर. आणि ‘बरोबर’ म्हणायला चालवून घेतलेलं अंतर दीड सेंटिमीटर. मग त्या चाचणीत पाचवा गट साखरेच्या गोळीचा असता, तर त्याचाही सरासरी फरक त्याच पट्ट्यात पडण्याची दाट शक्यता होती. अनिश्चिततेचा हिशेब धरून तो पूर्णपणे आत बसला असता का, हे रुग्णसंख्येवर अवलंबून. शिवाय त्या जुन्या चाचण्या कमी आठवड्यांच्या होत्या आणि वेदना मोजायची पद्धत तंतोतंत हीच नव्हती, तेव्हा मी हे गणित ताणणार नाही. पण मुद्दा ताणल्याशिवायही उभा राहतो. ज्या चाळणीची भोकं एवढी मोठी, तिच्यातून काय खाली पडलं हे सांगून काय चाळलं गेलं ते कळत नाही.

कुणी म्हणेल, गुडघेदुखीत साखरेच्या गोळीने असा किती फरक पडणार? पडतो, आणि भरपूर पडतो. २००६ साली अमेरिकेतली मोठी ‘गेट’ चाचणी प्रसिद्ध झाली. १५८३ रुग्ण, तेही २४ आठवडे, आणि त्यात प्लासिबोचा गट होता. वेदना ठरवलेल्या प्रमाणात कमी झाली असे लोक सेलेकॉक्सिबच्या गटात ७०.१ टक्के होते, ग्लुकोसामाइनच्या गटात ६४ टक्के, आणि काहीच औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ६०.१ टक्के! ग्लुकोसामाइन आणि प्लासिबो यांतला फरक योगायोगानेही दिसू शकेल इतका छोटा. म्हणजे पुण्याच्या चाचणीत ज्या दोघांशी बरोबरी साधली त्यांपैकी एक स्वतःच मैदानाबाहेर उभा आहे, आणि दुसरा जेमतेम पुढे आहे.

साठ टक्के लोकांना ‘कशानेही’ बरं का वाटतं? थोडं आशेने, थोडं दर महिन्याला कुणीतरी आपुलकीने गुडघा दाबून विचारतं म्हणून. पण एक मोठा भाग वेगळाच असतो. सांध्यांचं दुखणं भरती-ओहोटीसारखं चालतं. माणूस दवाखान्यात किंवा चाचणीत कधी जातो? जेव्हा दुखणं शिगेला पोहोचतं तेव्हा. शिगेला पोहोचलेली गोष्ट पुढे बहुतेक वेळा खालीच येते, तुम्ही काहीही घ्या. तांब्याचं कडं, निर्गुडीचा पाला, गोळी, वाट बघणं... जे त्या वेळी हातात असेल त्याला श्रेय जातं. (तांब्याच्या कड्याचीही रीतसर चाचणी झाली आहे बरं का. २०१३ मध्येच, इंग्लंडमध्ये, आमवाताच्या ७० रुग्णांवर. तांबं आणि चुंबकपट्टे दोन्ही खोट्या पट्ट्यांहून सरस निघाले नाहीत.)

मला खटकतं ते हे, की प्लासिबोचा गट ठेवण्याचं महत्त्व या संशोधकांना माहीत नव्हतं असं अजिबात नाही. २००० साली याच गटाने आमवाताच्या १८२ रुग्णांवर १६ आठवड्यांची चाचणी केली होती. अश्वगंधा, सालई गुग्गुळ, सुंठ आणि हळद यांचं मिश्रण एकीकडे, प्लासिबो दुसरीकडे. त्या पेपरात त्यांनी स्वतःच लिहिलंय की प्लासिबोच्या गटातही जोरदार सुधारणा दिसली. ज्याने एकदा हे डोळ्यांनी पाहिलं, त्याने तेरा वर्षांनी प्लासिबोशिवायच्या चाचणीला ‘चांगला पर्याय’ असं शीर्षक द्यावं? ‘या मर्यादेत समतुल्य’ एवढं म्हटलं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता.

आता तुमच्यातले काही जण वैतागले असतील. आईचा गुडघा दुखायचा, काढा घेतल्यापासून जिना चढते, मग मला टक्केवारीशी काय देणंघेणं? हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. झिजलेल्या गुडघ्याच्या बाबतीत मी जवळजवळ तुमच्या बाजूची आहे. कूर्चेची झीज थांबवेल असं खात्रीचं तोंडाने घ्यायचं औषध आजही कुणाकडे नाही. तिथे ध्येयच वेदना कमी होणं आणि हिंडता-फिरता येणं हे आहे. शिवाय सेलेकॉक्सिबसारख्या गोळ्या वयस्कर माणसाच्या हृदयाला आणि किडनीला रोज-रोज झेपतीलच असं नाही. तेव्हा एखादं निरुपद्रवी औषध घेऊन आईला बरं वाटत असेल, तर वाटू दे. फक्त ‘निरुपद्रवी’ या शब्दाखाली एक रेघ मारून ठेवा.

खरी भीती पुढे आहे, आणि ती आपल्या भाषेतच दडलेली आहे. मराठीत आपण सगळ्यालाच संधिवात म्हणतो. गुडघा झिजला, संधिवात. युरिक अ‍ॅसिड वाढून अंगठा सुजला, संधिवात. पस्तिशीच्या बाईची बोटं सकाळी तासभर वळत नाहीत, तोही संधिवात. आयुर्वेदात निदान संधिगत वात आणि आमवात असे दोन वेगळे शब्द आहेत. घरी बोलताना आपण तेवढंही करत नाही. त्यामुळे झिजलेल्या गुडघ्यावरचा पेपर फिरत फिरत आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, रुग्णाच्या हातात पडतो. आणि तिथे हिशेब पूर्ण उलटा आहे.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. वेळेत आवरलं नाही तर हाड कुरतडलं जातं आणि बोटं वाकडी होतात ती कायमची. इथे वेदना कमी होणं आणि रोग थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेथोट्रेक्सेटसारखं आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध रोगाला लगाम घालतं. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत कुणीतरी सांगतं की ते कॅन्सरचं औषध आहे, सोडून दे, माझ्या जावेला अमुक वैद्यांच्या पुड्यांनी गुण आला. पहिल्या एक-दोन वर्षांत गेलेला हा वेळ नंतर भरून निघत नाही.

आमवातात आयुर्वेद आणि मेथोट्रेक्सेट समोरासमोर ठेवलेले प्रयोग फार थोडे आहेत. त्यांतला मला सगळ्यात आवडलेला कोइम्बतूरचा. अमेरिकेतले डॅनियल फर्स्ट आणि तिथले वैद्य यांनी मिळून केलेला, २०११ साली प्रसिद्ध झालेला. आवडला अशासाठी की त्यात वैद्यांना त्यांच्या पद्धतीने काम करू दिलं. प्रत्येक रुग्णाला वेगळं औषध, प्रकृती बघून. आणि तरीही खोटी मेथोट्रेक्सेट आणि खोटं आयुर्वेदिक औषध बनवून कोण काय घेतंय ते झाकून ठेवलं. ‘आयुर्वेद व्यक्तीनुसार असतो म्हणून त्याची चाचणीच होऊ शकत नाही’ असं जे वारंवार ऐकायला मिळतं, त्याला इथे कृतीने उत्तर आहे.

पण रुग्ण किती? ४३. तीन गटांत वाटलेले, एकात १२, एकात १४, एकात १७. छत्तीस आठवड्यांनंतर तिन्ही गट साधारण सारखे दिसले. लेखकांनी ‘प्राथमिक प्रयोगाच्या मर्यादेत’ असं बजावलंही. आता १२ आणि १४ माणसांत फरक न दिसणं म्हणजे फरक नसणं नव्हे. दोन नाणी बारा-बारा वेळा उडवून तुम्ही एखादं नाणं खोटं आहे का ते ठरवू शकत नाही, तसंच हे. तिथे प्रश्न इतका चांगला विचारला होता की पुढची मोठी चाचणी व्हायलाच हवी होती. अशा प्राथमिक प्रयोगाला अंतिम निकाल म्हणून मिरवणं हा त्या वैद्यांवरही अन्याय आहे.

परत २०१३ च्या पेपरकडे येते, कारण त्यातली सगळ्यात मोलाची ओळ शीर्षकात नाही. ती दुष्परिणामांच्या भागात आहे. २६ रुग्णांचं एसजीपीटी वाढलं. एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एक एन्झाइम. कुणाला कावीळ नाही, कसला त्रास नाही, फक्त रक्ताच्या रिपोर्टात आकडा वर गेलेला. त्यांतल्या सात जणांना चाचणीतून काढावं लागलं, आणि ते सातही जण आयुर्वेदिक गटांतले. औषध बंद केल्यावर त्यांचे आकडे खाली आले.

लेखकांनी हे झाकलं नाही, आणि त्याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. पण शीर्षक वाचणाऱ्यापर्यंत हे पोचतं का? आणि त्याहून महत्त्वाचं, ही माणसं चाचणीत होती म्हणून ठरावीक दिवसांनी त्यांचं रक्त तपासलं गेलं. घरी काढा घेणाऱ्याचं कोण तपासतं?

पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांचा अहवाल छापला. कोविडच्या काळात प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल घेतलेले, आणि यकृताला सूज येऊन दवाखान्यात पोचलेले. ती सूज प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने लगेच आक्षेप घेतला: वनस्पती गुळवेलच होती हे तपासलं नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. २०२२ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून तशाच ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली.

माझी पीएचडी वनस्पतींमधल्या रासायनिक घटकांवर आहे, त्यामुळे मंत्रालयाचा तो आक्षेप मला पोकळ वाटत नाही. बाजारातून आणलेली वाळलेली कांडी कुठल्या जातीची, हे नुसतं बघून सांगणं खरंच अवघड असतं. पण मग एक विचार येतो. २०१३ च्या चाचणीत अर्क प्रमाणित केलेले होते, वेलीची ओळख पटवलेली होती. ‘भलतीच वेल मिसळली असेल’ हे स्पष्टीकरण तिथे सहजासहजी लागू पडत नाही. दुसऱ्या बाजूने, त्या मिश्रणांत चार वनस्पती होत्या, म्हणून सात जणांचं खापर एकट्या गुळवेलीवर फोडता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला एवढंच म्हणायचंय की २०२१ चा वाद पेटला तेव्हा आपल्याकडे आठ वर्षं जुनी, आपल्याच लोकांनी नोंदवलेली एक खूण पडून होती. आणि आमवात हा प्रतिकारशक्ती बिघडल्याचाच आजार. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ औषध अशा माणसाने घ्यावं का, हा प्रश्न मला तरी किरकोळ वाटत नाही.

आता मेथोट्रेक्सेट आणि गुळवेल एकाच घरात आणा. मेथोट्रेक्सेटने काही जणांचं एसजीपीटी वाढतं, म्हणून डॉक्टर दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासतात. रुग्ण गुपचूप काढाही घेतोय. रिपोर्टात आकडा वाढलेला येतो. डॉक्टरला माहीत असलेला संशयित एकच. तो मेथोट्रेक्सेट कमी करतो किंवा थांबवतो. सांधे सुजतात. रुग्णाला वाटतं, बघा, अ‍ॅलोपॅथीने यकृतही बिघडवलं आणि गुणही नाही. काढा वाढतो. यात कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी निष्काळजी नाही, आणि तरी बंद झालं ते कदाचित चुकीचं औषध.

हे टाळायचं तर विचारायला हवं. विचारतात कसं, हीसुद्धा एक गंमतच आहे. दिल्लीच्या एम्समध्ये आमवाताच्या शंभरेक रुग्णांना विचारून २००७ साली एक टिपण छापलं गेलं होतं. त्यांतल्या बहुतेकांनी कधी ना कधी इतर उपचार घेतलेले होते. जगभर अशा पाहण्या होतात आणि आकडे वाटेल तसे खाली-वर होतात. कारण आकडा ठरतो ‘पूरक उपचार’ कशाला म्हणायचं यावर. आपल्याकडे ओपीडीत विचारा, ‘दुसरं काही औषध घेता का?’ उत्तर येतं, ‘नाही डॉक्टर.’ मग विचारा, रात्री गुडघ्याला काय लावता? ‘महानारायण तेल.’ सकाळी उपाशीपोटी? ‘मेथीचे दाणे भिजवून, आणि लसणीची पाकळी.’ हळदीचं दूध? ‘ते तर रोजचंच.’ दही, वांगं, आंबट? ‘वाताचं म्हणून वर्षभर बंद आहे.’ कुणी काही पुड्या दिल्यात? इथे जरा वेळ शांतता, आणि मग सून म्हणते, ‘त्या शनिवारी मिळतात त्या...’

या बाईंनी खोटं सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी तेल हे औषध नाही, हळद हा मसाला आहे, पथ्य म्हणजे संसार. संशोधकाच्या फॉर्मवर मात्र या सगळ्याला एकच चौकट असते, हो किंवा नाही. माझी तक्रार अशी, की या पाहण्या ‘किती टक्के लोक वापरतात’ याच्या मागे धावतात. हळदीचं दूध आणि बिनलेबलची पुडी हे एकाच टक्क्यात मोजलेले असतील तर तो टक्का डॉक्टरच्या काय कामाचा? दुधाने काही बिघडत नाही. पुडीने बिघडू शकतं.

पुडीबद्दल सांगते. सांधेदुखीच्या ‘नैसर्गिक’ औषधात स्टेरॉइड मिसळलेलं सापडणं ही नुसती अफवा नाही. ‘आर्ट्री किंग’ नावाच्या, सांध्यांसाठी नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक सापडल्याचा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये दिला. लेबलवर दोन्हींचा उल्लेख नव्हता. स्टेरॉइडने दोन दिवसांत सूज उतरते, म्हणूनच तर ‘गुण’ येतो. महिनोन्‌महिने घेतलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा गोल होतो. आणि स्वतःची स्टेरॉइड बनवायचं काम शरीर मंद करतं, त्यामुळे असं औषध एकदम बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. तेव्हा घरात अशी पुडी चालू असेल तर हा लेख वाचून ती आजच कचऱ्यात फेकू नका. डॉक्टरला दाखवा आणि मग थांबवा. रसौषधींतल्या धातूंचा मुद्दाही आहेच. २००८ साली इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं अमेरिकेत तपासली, तर साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. अमेरिकेत बनलेली आणि भारतात बनलेली, दोघांचं प्रमाण जवळपास सारखंच. म्हणजे फक्त देशाचं नाव बघून निश्चिंत व्हायला जागा नाही.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणी काय घ्यावं हे सांगणार नाही. पण घरात कुणी सांध्यांसाठी कायमचं औषध घेत असेल तर पुढच्या खेपेला एक कागद बरोबर न्या. त्यावर तेल, काढा, चूर्ण, पुडी सगळं लिहा, डबीचा किंवा पुडीचा फोटो ठेवा, आणि प्रत्येकासमोर ते सुरू केल्याची तारीख टाका. तारीख महत्त्वाची, कारण एसजीपीटी वाढलं तर डॉक्टर आधी मागे वळून तीच शोधणार. आणि डॉक्टर रागावले तर? काही रागावतात, हे खरं आहे. आमच्या एका नातेवाईक काकूंना एकांनी ‘मग वैद्यांकडेच जा’ असं सुनावलं होतं, आणि त्यानंतर त्यांनी कुणालाही काहीही सांगणं बंद केलं. तेव्हा कागद बोलणाऱ्या माणसाच्या हातात द्या. मुलगी, सून, भाचा, जो कुणी ओपीडीत न घाबरता बोलेल तो.